त्याचं नाव कुणाला माहीत आहे? ‘द डिपार्टेड’वरचे तुमचे प्रश्न

मागच्या अंकात मार्टिन स्कॉर्सेसीचा बॉस्टनमध्ये घडणारा ‘द डिपार्टेड’ आणि तो ज्या हाँगकाँगच्या सिनेमावरून केलाय तो ‘इन्फर्नल अफेअर्स’, या दोघांबद्दल लिहिलं होतं आणि त्यावर इतके प्रश्न आलेत की या वेळचा अख्खा कॉलम त्यालाच देतेय. ज्यांनी मागचं वाचलं नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगते. पोलिसांनी आपला एक माणूस गँगमध्ये घुसवलाय, गँगनेही आपला एक पोरगा पोलिसात भरती करून वरपर्यंत चढवलाय, आणि दोन्हीकडे एकाच वेळी कळतं की आपल्यात कोणीतरी फितूर आहे. मग ज्याला शोधायला सांगतात तो स्वतःच फितूर असतो. खाली उत्तरांमध्ये शेवट सरळ सांगून टाकलाय, तेव्हा बघायचा राहिला असेल तर आधी बघून घ्या, मग वाचा.

ताई, दोन्हीतला आधी कुठला बघू? आमचे हे म्हणतात डिपार्टेडच बघ, त्यात मोठे हिरो आहेत, हाँगकाँगचा बघून काय करणार, भाषापण कळत नाही. – एक वाचक, लालबाग

आधी हाँगकाँगचाच बघा. 2002चा सिनेमा, अँड्र्यू लाऊ आणि ॲलन मॅक या दोघांनी दिग्दर्शित केलेला. गँगमध्ये राहणारा पोलीस म्हणजे टोनी लेउंग आणि पोलिसात बसलेला गँगचा माणूस म्हणजे अँडी लाऊ. पावणेदोन तासांच्या आत संपतो, सबटायटल्स आहेत, आणि खरं सांगू का, यात बोलणं कमी आणि बघणं जास्त आहे त्यामुळे भाषेचं काही अडत नाही.

सुरुवातीलाच एक सीन आहे तो नीट बघा. अँडी लाऊ म्युझिक सिस्टीम घ्यायला एका दुकानात येतो आणि काउंटरवर टोनी लेउंग असतो. हे एकमेकांना ओळखत नाहीत. टोनी त्याला सांगतो की ही केबल लावून बघा, आवाज कसा येतो ऐका, आणि मग दोघं स्पीकरसमोर शेजारी शेजारी बसून एका बाईच्या आवाजातलं जुनं गाणं ऐकतात. दोघंही शांत, दोघांच्याही चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी जरा टेकायला मिळाल्यासारखं काहीतरी. पुढे हेच दोघं एकमेकांच्या जिवावर उठणार आहेत. दुसऱ्यांदा बघताना हा सीन लागला की मला पुढचं बघवत नाही, इतका तो आत जातो. बॉस्टनच्या सिनेमात हे नाहीये. त्यात बाकी पुष्कळ आहे, अडीच तास आहेत, शिव्या आहेत, जॅक निकल्सन आहे, पण हे नाही.

स्कॉर्सेसीला आयुष्यभर ऑस्कर दिलं नाही आणि मग दिलं ते रिमेकला? हा अन्याय नाही का? कोणावर ते तुम्हीच सांगा. – एक वाचक, गोरेगाव

दोघांवर थोडा थोडा. त्याआधी दिग्दर्शनासाठी त्याला पाच वेळा नामांकन मिळालं होतं आणि पाचही वेळा तो रिकाम्या हाताने घरी गेला होता. मग फेब्रुवारी 2007मध्ये ‘द डिपार्टेड’ला चार ऑस्कर मिळाले, उत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन, आधारित पटकथा आणि संकलन. दिग्दर्शनाचं द्यायला स्टेजवर कोपोला, लुकास आणि स्पीलबर्ग असे तिघं जुने मित्र उभे होते, तेव्हाच लोकांना कळलं की आज कुणाचं नाव निघणार. त्याच रात्री पटकथेच्या ऑस्करच्या वेळी निवेदनात मूळ सिनेमा जपानी आहे असं सांगितलं गेलं. जपानी! ज्यांची गोष्ट घेतली त्यांचं शहर तरी नीट सांगायला हवं होतं, याचा मला आजही राग येतो.

पण नुसती नक्कल म्हणून त्याला झटकू नका. पटकथा लिहिणारा विल्यम मोनाहन हा मूळचा बॉस्टनकडचाच, त्याने सांगाडा हाँगकाँगचा घेतला आणि आत माणसं सगळी साउथ बॉस्टनची भरली, आयरिश कॅथलिक, चर्चमध्ये वाढलेली, गरिबीतून वर यायला एक तर वर्दी घालायची नाहीतर भाईच्या मागे जायचं अशी. आणि थेल्मा शूनमेकरचं संकलन बघा, सीन संपायच्या आत तोडते बाई, प्रेक्षकाला श्वास घ्यायला देत नाही. ते ऑस्कर शंभर टक्के तिचंच होतं.

शेवटी बाल्कनीत उंदीर का दाखवलाय? – एक वाचक, मुलुंड

तिकडे फितुराला उंदीर म्हणतात म्हणून. मला तो उंदीर आवडत नाही, अडीच तास जे सांगितलं ते परत बोट दाखवून सांगायची काही गरज नव्हती.

निकल्सनचा तो बॉस, कॉस्टेलो, खरा होता का? माझा मित्र म्हणतो की असा माणूस खरंच होता आणि तो स्वतःच पोलिसांचा खबरी होता. मला पटत नाही, एवढा मोठा डॉन खबरी कशाला होईल? – एक वाचक, माझगाव

तुमचा मित्र बरोबर सांगतोय. हाँगकाँगच्या गोष्टीत हे नव्हतं, हे बॉस्टनमधून आलं. माणसाचं नाव जेम्स बल्जर, सगळे व्हायटी बल्जर म्हणायचे, साउथ बॉस्टनचा, विंटर हिल गँगचा म्होरक्या. त्याचा सख्खा भाऊ मॅसॅच्युसेट्स राज्याच्या सिनेटचा अध्यक्ष होता. एक भाऊ सभागृह चालवतोय, दुसरा गँग. 1975पासून एफबीआयच्या दप्तरी बल्जरची नोंद खबरी म्हणून होती आणि त्याला सांभाळणारा एजंट जॉन कॉनोली हा त्याच्याच मोहल्ल्यात लहानाचा मोठा झालेला.

आता तुमचा प्रश्न, डॉन खबरी कशाला होईल. अहो, त्यात त्याचा फायदाच फायदा होता. तो एफबीआयला इटालियन माफियाबद्दल टीप द्यायचा, म्हणजे त्याचे प्रतिस्पर्धी आपोआप आत जायचे, आणि त्याच्या स्वतःच्या धंद्याकडे काणाडोळा केला जायचा. वर त्याच्याविरुद्ध कोण बोलतंय हे त्यालाच आतून कळायचं. 1994च्या डिसेंबरमध्ये त्याला अटक होणार होती, कॉनोलीने आधीच कळवलं आणि हा पळाला. सोळा वर्षं सापडला नाही. म्हणजे 2006ला डिपार्टेड लागला तेव्हा खरा कॉस्टेलो जिवंत होता आणि फरार होता, हे डोक्यात ठेवून सिनेमा बघा, अंगावर काटा येतो. जून 2011मध्ये कॅलिफोर्नियात सांता मोनिकाला एका साध्या फ्लॅटमध्ये सापडला, 81 वर्षांचा. 2013मध्ये 11 खुनांमध्ये त्याचा हात सिद्ध झाला आणि 2018मध्ये तुरुंगातच त्याला मारून टाकलं. कॉनोलीही तुरुंगात गेला.

बल्जर वाईट होता हे तर आहेच, पण मला जास्त अस्वस्थ करतं ते वेगळंच. जी साधी माणसं एफबीआयकडे विश्वासाने बोलायला गेली त्यांची नावं परत बल्जरपर्यंत पोचली आणि त्यातली काही मेली. डिपार्टेडमध्ये गोळ्या कितीही सुटू देत, खरा प्रश्न शेवटपर्यंत हाच आहे की नाव कुणाकडे आहे आणि तो ते कुणाला देतोय.

आपल्या मुंबईत असे पोलीस असतात का हो, वर्षानुवर्षं गँगमध्ये राहणारे? माझे वडील पोलिसात होते, आम्ही नायगावला लाइनीत वाढलो, पण असं कधी ऐकलं नाही. – एक वाचक, नायगाव

तुम्ही नायगावला वाढलात म्हणजे उत्तराचा अर्धा भाग तुमच्याकडेच आहे.

एक जुनी गोष्ट आधी सांगते. ताडदेवला फॉर्जेट स्ट्रीट आहे बघा, तो ज्याच्या नावाने आहे तो चार्ल्स फॉर्जेट 1857मध्ये मुंबईच्या पोलिसांचा प्रमुख होता. भारतातच वाढलेला, इथल्या भाषा घरच्यासारख्या बोलणारा, आणि वेष बदलून शहरात फिरण्यासाठी प्रसिद्ध. शिपाई उठाव करणार अशी कुणकुण लागली तेव्हा ज्या घरात त्यांच्या बैठका व्हायच्या त्या घराच्या भिंतीला भोकं पाडून तो स्वतः ऐकत बसला. त्यावरून खटला चालला आणि 15 ऑक्टोबर 1857ला दोघांना एस्प्लनेडच्या मैदानात, म्हणजे आजच्या आझाद मैदानाच्या भागात, तोफेच्या तोंडी दिलं. आपल्या बाजूने बघितलं तर तो परक्या सरकारचा माणूस आणि मेले ते आपले. पण मुंबईत वेषांतर करून आत घुसणारा पोलीस म्हणून पहिलं नाव त्याचंच घ्यावं लागतं.

त्यानंतरच्या मुंबईत मात्र काम चाललं ते खबऱ्यांवर. साध्या कपड्यात पाळत ठेवणं, बोगस गिऱ्हाईक पाठवून धाड टाकणं, लाचेच्या सापळ्यात पावडर लावलेल्या नोटा देणं हे सगळं नेहमीचं आहे, पण ते तासाभराचं नाहीतर दिवसाभराचं काम. पाच-सात वर्षं भाईच्या बाजूला बसणारा पोलीस आपल्याकडे गोष्टीतच जास्त भेटतो, आणि त्याचं कारण या शहराची वस्ती. गँगमध्ये पोरं यायची ती ओळखीतून, एका चाळीतली, एका आखाड्यातली, एका गणपती मंडळातली. पंटर कोणाचा कोण, त्याची आई कुठल्या गिरणीत बदली कामगार होती, सगळं सगळ्यांना माहीत. त्यात अनोळखी पोरगा घुसवणार कसा? दुसऱ्याच दिवशी कोणीतरी विचारणार, कुठला रे तू, कुठल्या गल्लीतला, आणि खोटं सांगितलं तर संध्याकाळपर्यंत खबर लागणार.

आणि याच्या उलटही तेवढंच खरं. वरळी, नायगावच्या बीडीडी चाळींमध्ये पोलिसांची घरं आणि गिरणीवाल्यांची घरं एकमेकांना लागून. 18 जानेवारी 1982ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर बसले, आणि मग एकाच कॉमन गॅलरीतला एक पोरगा भरतीला धावायला जायचा आणि दुसरा कुणाच्या तरी वसुलीला. दोघांनी लहानपणी एकाच बॉलने क्रिकेट खेळलेलं. बॉस्टनची ती गोष्ट आम्हाला परकी वाटत नाही ती यामुळे. एकाने सुट्टीला घरी आल्यावर दुसऱ्याकडे बघून नुसती मान हलवायची आणि जिना उतरायचा, हे परळ-लालबागच्या कितीतरी लोकांनी डोळ्याने बघितलंय.

खबऱ्या हाच आपला अंडरकव्हर. 11 जानेवारी 1982ला वडाळ्याला आंबेडकर कॉलेजजवळ मन्या सुर्वे या गुंडावर फिल्डिंग लागली ती टीपवरच, तो तिथे येणार हे पोलिसांना आधीच कळलं होतं. पण एक फरक आहे आणि तो मला फार टोचतो. सिनेमातल्या पोलिसाची निदान एक फाइल असते, कॉम्प्युटरमध्ये का होईना पण त्याचं खरं नाव असतं. खबऱ्याचं काय? तो एका साहेबाला ओळखतो, साहेब त्याला ओळखतो, गुप्त निधीतून थोडे पैसे हातात पडतात आणि एवढंच. साहेबाची बदली झाली की नवीन माणसासाठी तो फक्त एक गुन्हेगार.

अंडरकव्हर पोलीस आणि पोलिसात गँगचा माणूस, ही आयडिया हाँगकाँगवाल्यांची असं सगळे म्हणतात. आपल्याकडे कोणालाच सुचली नव्हती का? – एक वाचक, घाटकोपर

सुचली होती की, आणि कितीतरी आधी! 1978चा ‘डॉन’ परत आठवा. डॉन मेलाय हे एकट्या डीएसपी डिसिल्वाला माहीत, त्याच्यासारखा दिसणारा विजय त्याने गँगमध्ये पाठवला हेही त्यालाच माहीत, आणि तोच मरतो. मग विजय ओरडून सांगतोय मी डॉन नाही आणि ऐकायला कोणी नाही. आणि दुसऱ्या बाजूला इंटरपोलचा मोठा अधिकारी म्हणून जो मिरवतोय तो गँगचाच वर्धान निघतो. म्हणजे सलीम-जावेदनी दोन्ही बाजूचे फितूर एकाच सिनेमात ठेवले होते, हाँगकाँगच्या चोवीस वर्षं आधी. फक्त तिथे विजयला गाणी होती, पान होतं आणि शेवटी सुटकाही होती, म्हणून आपण त्याच्याकडे असं बघितलंच नाही.

आणि दुसरा, याहून जवळचा, गोविंद निहलानींचा ‘द्रोहकाल’, 1994चा. त्यात गँग नाही, अतिरेकी संघटना आहे. पोलिसांनी आत माणसं पेरलीत, त्यांची नावं मोजक्यांना ठाऊक, आणि मग ओम पुरीच्या अधिकाऱ्यालाच त्याच्या कुटुंबावरून धमकावून फोडलं जातं. आशिष विद्यार्थीने पकडलेल्या म्होरक्याचं काम केलंय, त्यासाठी त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. समोर खुर्चीत बसून तो आवाज न चढवता बोलतो आणि ओम पुरीचा चेहरा मिनिटामिनिटाला खचत जातो. फितूर हा जन्मतः फितूर नसतो, चांगला माणूस एका संध्याकाळी कसा होतो, हे ‘द्रोहकाल’ने जितकं दाखवलंय तितकं ‘डिपार्टेड’नेही नाही. पोलिसात बसलेला मॅट डेमनचा सुलिव्हन लहानपणापासूनच कॉस्टेलोचा, त्याला निवड करायची वेळच येत नाही.

मी लॉच्या शेवटच्या वर्षाला आहे. असा अंडरकव्हर पोलीस आपल्या कोर्टात साक्षीदार म्हणून उभा राहिला तर केस टिकेल का? आणि खबऱ्याचं नाव कोर्ट विचारू शकतं का? – एक विद्यार्थी, चर्चगेट

खबऱ्याचं आधी. जुन्या पुरावा कायद्याच्या कलम 125प्रमाणे गुन्ह्याची माहिती कुठून मिळाली हे सांगायला पोलीस अधिकाऱ्यावर सक्ती करता येत नाही, आणि हे संरक्षण नवीन कायद्यातही ठेवलंय. म्हणूनच तर पोलिसांना खबऱ्या परवडतो. टीप त्याची, पण कोर्टात पुरावा म्हणून येतो तो धाडीचा पंचनामा, पंच, जप्त केलेला माल. टीप देणारा चित्रातच नाही. पोलिसाने स्वतः आत राहून बघितलेलं सांगायचं असेल तर त्याला पिंजऱ्यात उभं राहावं लागणार, उलटतपासणी होणार, चेहरा आणि नाव दोन्ही उघड, म्हणजे त्याचं ते काम तिथेच संपलं.

आता यात मोक्का, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा, कुठे येतो ते बघ. पोलिसासमोर दिलेला कबुलीजबाब एरवी पुराव्यात धरत नाहीत. 1999चा मोक्का आला तेव्हा कलम 18ने एसपी किंवा त्याच्या वरच्या अधिकाऱ्यासमोरचा, म्हणजे मुंबईत डीसीपीसमोरचा, कबुलीजबाब ठराविक अटींवर चालायला लागला, फोन टॅपिंगचा पुरावाही त्या कायद्यात आला. टोळीविरुद्ध बोलायला बाहेरचा साक्षीदार उभाच राहत नव्हता म्हणून हे सगळं. पण मला विचारशील तर बोलणाऱ्याला वाचवायची सोय आधी हवी होती आणि ती फार उशिरा आली. साक्षीदार संरक्षण योजना सुप्रीम कोर्टाने मान्य केली ती 2018च्या डिसेंबरात. मधली एकोणीस वर्षं बोलणाऱ्यांनी कशी काढली असतील याचा विचार कर, आणि वकील झालास की या बाजूने एक तरी केस लढ.

माझे मिस्टर पोलिसात आहेत, कुठल्या ब्रँचला ते लिहीत नाही. मधे काही वर्षं ते साध्या कपड्यात असायचे, दाढी वाढवलेली, कधी येतील कधी जातील सांगायचे नाहीत, मी विचारलं की चिडायचे. मुलगा तेव्हा लहान होता, तो घाबरायचा. डिपार्टेड आम्ही दोघांनी एकत्र बघितला आणि तो हिरो डॉक्टर बाईकडे गोळ्या मागतो त्या सीनला हे उठून आत गेले. नंतर काही बोलले नाहीत. मी बोलायला हवं का? – एक वाचक, वरळी

तुमचं पत्र मी कितीतरी वेळा वाचलं.

तो सीन डिकॅप्रिओने फार खरा केलाय. त्याचा बिली, म्हणजे गँगमध्ये घुसवलेला पोलीस, झोप नाही म्हणून मदत मागतो आणि मागताना उद्धट होतो, कारण खरं कारण सांगायची त्याला परवानगीच नाही. डॉक्टर समोर बसलीय, ऐकायला तयार आहे, आणि हा काही सांगू शकत नाही. त्याच सिनेमात कॉस्टेलो त्याच्या हातावरचं प्लास्टर फोडायला लावतो, आत वायर लपवलीय का बघायला, आणि मोडलेल्या हातावर बुटाने मारतो. बिली ओरडतो, पण त्या ओरडण्यातही त्याला नाटक चालू ठेवायचंय. असं कितीतरी दिवस जगल्यावर माणूस घरी येऊन लगेच नवरा आणि बाप होऊ शकत नाही, त्याला वेळ लागतो आणि आपल्याकडे तो वेळ कोणी देत नाही.

अमेरिकेत जोसेफ पिस्टोन नावाचा एफबीआयचा माणूस सहा वर्षं न्यूयॉर्कच्या माफियात डॉनी ब्रास्को या नावाने राहिला, त्याच्या कामामुळे शंभराहून जास्त जणांना शिक्षा झाल्या. बायको-मुली दूर, भेट कधीतरी, आणि काम संपल्यावरसुद्धा त्या सगळ्या कुटुंबाला नाव लपवून राहावं लागलं. शिक्षांचे आकडे सगळीकडे छापून आले, घरी ज्यांनी ती वर्षं काढली त्यांचा हिशोब कुठे नाही. तुम्ही त्या हिशोबातल्या आहात.

बोला, पण त्या कामाबद्दल विचारू नका. कुठे होतात, कोण होतं, हे नको. मुलगा घाबरायचा हे मला लिहिलंत ते त्यांना सांगा, तेव्हा तुम्हाला काय वाटायचं ते सांगा, आणि ते गप्प बसले तर बसू द्या, परत दोन दिवसांनी बोला. सिनेमा बघताना उठून गेले म्हणजे त्यांच्यापर्यंत पोचलंय. झोप लागत नसेल, हात थरथरत असेल, चिडचिड अजून तशीच असेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे घेऊन जा, तुम्ही सोबत जा. खात्यात कळेल ही भीती असते हे मला माहितेय, म्हणून बाहेरचा डॉक्टर बघा. 2016मध्ये देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या ड्यूटीचा प्रयोग सुरू झाला तेव्हा पोलिसांच्या बायकांना किती आनंद झाला होता, माणूस वेळेवर घरी येतो एवढ्याच गोष्टीचा. यावरून कळतं की किती साध्या गोष्टी राहून गेल्यात.

मुलगा तेरा वर्षांचा आहे, मित्रांनी सांगितलं म्हणून डिपार्टेड बघायचा हट्ट धरलाय. दाखवू का? – एक वाचक, बोरिवली

नको. डोक्यात गोळ्या घातलेल्या जवळून दाखवल्यात, शिव्या तर वाक्यागणिक आहेत. अजून चार-पाच वर्षांनी त्याच्या शेजारी बसून बघा.

ताई, आमच्या कॉलेजची एकांकिका आहे, मला असाच अंडरकव्हरचा विषय घ्यायचाय, मुंबईतला. पण स्टेजवर बंदुका, पाठलाग हे सगळं हास्यास्पद दिसतं. आणि दोघं फितूर म्हटलं की लगेच सगळे म्हणणार डिपार्टेड ढापला. कसं करू? – एक विद्यार्थिनी, माटुंगा

बंदूक स्टेजवर आणूच नकोस. या दोन्ही सिनेमांत सगळ्यात ताणलेला सीन बंदुकीचा नाहीच. अंडरकव्हर पोलिसाचा साहेब मेल्यावर त्याच्या फोनवरून पोलिसातला फितूर त्या अंडरकव्हरला फोन लावतो. तो उचलतो. दोघंही बोलत नाहीत. फक्त श्वास. कोण आहे हे दोघांनाही कळत नाही आणि तरी कळतं. यात दोन माणसं, दोन फोन आणि प्रकाश एवढंच लागतं, म्हणजे तुमच्या बजेटमध्ये बसतं. दुसरा असाच सीन पाकिटाचा. बिली आपलं नाव परत मागायला पोलिस ऑफिसात येतो, सुलिव्हन आत गेलाय, आणि टेबलावर त्याला एक पाकीट दिसतं ज्यावर पेनाने लिहिलेलं आहे, आणि ते पाकीट त्याने गँगमध्ये असताना स्वतः बघितलेलं आहे. एका कागदाच्या पाकिटाने सगळं उलटतं. त्यानंतर सुलिव्हन काय करतो? पिस्तूल काढत नाही, कॉम्प्युटरवर जाऊन त्याची नोंद पुसतो. बिली पोलीस होता हेच संपलं.

पण हे तू घेऊ नकोस कारण हे त्यांचं झालं. तू गँगवाला आणि पोलीस दोघांनाही बाजूला ठेव आणि तिसऱ्यावर लिही, ज्याला नाव माहीत आहे त्या साहेबावर. हाँगकाँगच्या सिनेमात हे एका छोट्या सीनमध्ये आहे. प्रशिक्षण देणारे मोठे साहेब वारतात, त्यांची अंत्ययात्रा चाललीय, आणि टोनी लेउंग रस्त्याच्या पलीकडे लपून त्यांना सॅल्यूट करतो. त्याला ओळखणारी दोनच माणसं होती, आता एकच उरला. पुढे तोही इमारतीवरून खाली फेकला जातो, टॅक्सीवर येऊन पडतो, टोनीच्या डोळ्यांसमोर.

आता मुंबईत आण. एका पोलीस ठाण्यातली केबिन, एक टेबल, एक गोदरेजचं कपाट. साहेब 58 पूर्ण झाले म्हणून 31 तारखेला रिटायर होतायत, बाहेर हार आणि पेढ्यांची तयारी चाललीय, नवीन साहेबाला चार्ज द्यायचाय. कपाटाची चावी, पिस्तुलाची नोंद, मुद्देमालाचं रजिस्टर सगळं सह्या करून द्यायचं असतं. पण एक माणूस कुठल्याच रजिस्टरात नाही, गेली कितीतरी वर्षं तो फक्त या साहेबाच्या डोक्यात आहे. नवीन साहेबाला त्याचं नाव सांगायचं की नाही? सांगितलं आणि नवीन साहेब तसला निघाला तर पोरगा मेला. नाही सांगितलं तर उद्या तो धाडीत सापडला की त्याला आपला म्हणणारं कोणी नाही. आणि त्याच वेळी टेबलावरचा मोबाइल वाजतो, त्याचाच फोन आहे, पेढे द्यायला आलेला हवालदार समोर उभा आहे.

हवालदाराचं काम चांगल्या मुलाला दे, त्याला वाक्यं कमी असली तरी चालतील. आणि साहेबाने शेवटी काय केलं ते मला लिहून कळव, स्पर्धेच्या आधी.